फी आधी, मदत मागाहून

हैदराबादमध्ये महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणाऱ्या आर्थिक साहाय्याचे सरकारी, बँकेचे, चिट्टीचे, सोन्याचे, नातलगांचे आणि दैवी असे प्रकार आहेत. या सर्वांत एक साम्य आढळते. फीची तारीख ठरलेली असते, मदतीची नसते. त्यामुळे या शहरात साहाय्याची प्रतवारी रकमेवरून न करता ते किती उशिरा येते यावरून करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. मोठी रक्कम उशिरा येते, लहान रक्कम जरा लवकर येते. तात्काळ मिळते ती सहानुभूती, आणि तीही पहिल्या सेमिस्टरपुरतीच.

सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे सरकारी फी रीइम्बर्समेंट. अखंड आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री असताना, 2008 मध्ये, या योजनेने आजचे विशाल रूप घेतले. 2014 मध्ये राज्य विभागले तेव्हा तेलंगणाने ती आपल्याकडे घेतली, थकबाकीसकट. योजनेचे तत्त्व सोपे आहे. विद्यार्थ्याने शिकायचे, महाविद्यालयाने शिकवायचे आणि पैसे सरकारने द्यायचे. पहिल्या दोन गोष्टी दर वेळी घडतातच असे नाही, तरीही तिन्हींत बेभरवशाची म्हणून ख्याती आहे ती तिसरीचीच.

योजनेचा पहिला दृश्य परिणाम विद्यार्थ्यांवर झाला नाही, शेतजमिनींवर झाला. सरकार फी भरणार हे कळताच शहराभोवती जिथे काल ज्वारी होती तिथे चार मजली इमारत, पुढे पिवळ्या बसगाड्यांची रांग आणि वर ‘इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ अशी पाटी उगवली. अखंड राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या सातशेच्या आसपास गेली. त्यांतली कित्येक पुढे बंद पडली. बसगाड्या मात्र शाळांनी घेतल्या.

पात्रतेचे नियम स्पष्ट आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची संपूर्ण फी सरकार देते. मागास आणि आर्थिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी प्रवेश परीक्षेतला, म्हणजे पूर्वीच्या एम्सेटमधला आणि आताच्या ईएपीसेटमधला, क्रमांक महत्त्वाचा असतो. 10,000 च्या आतला क्रमांक आला तर पूर्ण फी, त्यापुढे गेला तर जास्तीत जास्त 35,000 रुपये. नावाजलेल्या खासगी महाविद्यालयाची वार्षिक फी दीड लाखाच्या पुढेही जाते. म्हणजे दहा हजारावा विद्यार्थी आणि दहा हजार एकावा विद्यार्थी यांच्यातला फरक परीक्षेत चिमूटभर गुणाचा असतो, घरात तो वर्षाला लाखाच्या वर भरतो. निकालाच्या दिवशी आई-वडील गुणांची चौकशी करत नाहीत, क्रमांकाची करतात, आणि शेजारी क्रमांकाची करत नाहीत, 35,000 ची करतात.

मागास वर्गांसाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात दीड लाख आणि शहरात दोन लाख रुपये आहे. तहसीलदाराच्या सहीचा दाखला मीसेवा केंद्रातून मिळतो. या दाखल्यांचा अभ्यास केला तर हैदराबादच्या अर्थव्यवस्थेचा एक विलक्षण गुणधर्म लक्षात येतो. इराण्याचा चहा महागतो, मिरची बज्जीच्या प्लेटमधल्या मिरच्या चारच्या तीन होतात, घरावर दुसरा मजला चढतो, पण दुकानदाराचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या अलीकडे येऊन तिथेच ठिय्या देते. या गुणधर्माला अपवाद एकच, पगारदार. त्याच्याकडे फॉर्म 16 असतो आणि तो लपवता येत नाही. हैदराबादेतल्या मराठी घरांत बँक, रेल्वे, पोस्ट, शाळा आणि सरकारी कचेरी यांत नोकरी करणाऱ्यांची परंपरा मोठी असल्याने या समाजाला सरकारी साहाय्याची माहिती पुष्कळ आणि प्राप्ती अल्प, अशी स्थिती आहे. काचीगुड्यातल्या कुलकर्णींना योजनेच्या अर्जाच्या ईपास संकेतस्थळाचा प्रत्येक रकाना पाठ असतो, कारण ते शेजाऱ्यांचे अर्ज भरून देतात.

ईपासवरचा अर्ज ही मात्र शेवटाची सुरुवातही नसते. अर्जानंतर अंगठ्याचा ठसा द्यायचा, ठसा जुळला की कागद महाविद्यालयात, तिथून कल्याण अधिकाऱ्याकडे, तिथून मंजुरी आणि मंजुरीनंतर कोषागार. कोषागारात बिलाला टोकन मिळते. टोकन म्हणजे पैसे मिळणार याची खात्री, केव्हा मिळणार याबद्दल मौन. महाविद्यालयांकडे अशी टोकने साठत जातात. टोकनावर प्राध्यापकांचा पगार करता येत नाही, असा अनुभव आल्यावर संस्थाचालक विद्यार्थ्याकडे वळतात आणि म्हणतात, “सध्या तुम्ही भरा, सरकारचे आले की परत देऊ.” नोव्हेंबर 2025 मध्ये तर थकबाकीसाठी खासगी महाविद्यालयांनीच बंद पुकारला. फी न भरल्यामुळे विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढण्याची प्रथा जुनी आहे. इथे सरकारने फी न भरल्यामुळे अख्खे महाविद्यालयच वर्गाबाहेर येऊन उभे राहिले.

थकबाकी वसूल करण्याचे दुसरे साधन म्हणजे मूळ प्रमाणपत्रे. ती अडकवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये लेखी बजावले आहे. त्यामुळे आता ती अडकवली जात नाहीत, ‘सुरक्षित ठेवली’ जातात. दहावीचा मेमो म्हणजे गुणपत्रिका, इंटरचा म्हणजे बारावीचा मेमो आणि टीसी कपाटात, विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत आणि सरकारी रक्कम वाटेत, अशी त्रिस्थळी यात्रा अनेक पदवीधर करून आलेले आहेत.

2014 मध्ये नव्या तेलंगणा सरकारने ‘फास्ट’ नावाची योजना जाहीर केली. नावाप्रमाणे ती झटपट आली आणि पुढच्या वर्षी तितक्याच झटपट मागे घेण्यात आली. तिची अट अशी होती की कुटुंब 1956 पूर्वीपासून तेलंगणात राहत असले पाहिजे. ही अट कानावर पडताच शहरातल्या जुन्या मराठी घरांत पेट्या उघडल्या गेल्या. 1956 पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. त्यामुळे कागद निघाले, पण ते उर्दूत, आणि तारखा फसली सनातल्या. 1346 साली आजोबांनी सुलतान बाजारात भाड्याने घेतलेल्या खोलीची पावती दाखवल्यावर समोरच्या कारकुनाने तो इसवी सन समजून कुटुंब मुघलांच्याही आधीचे धरले असते तर त्यात त्याचा दोष नव्हता. पण प्रकरण तिथवर पोहोचले नाही. उच्च न्यायालयाने त्या अटीवर बोट ठेवले आणि सगळ्यांनी पेट्या पुन्हा बंद केल्या.

जुन्या हैदराबाद संस्थानात साहाय्याची पद्धत वेगळी होती. अर्जाऐवजी मर्जी लागत असे. 1895 मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर सोळा वर्षांची सरोजिनी चट्टोपाध्याय इंग्लंडला गेली. वडील अघोरनाथ निजाम कॉलेजचे पहिले प्राचार्य. मुलगी डॉ. गोविंदराजुलू नायडूंशी लग्न करायचे म्हणत होती आणि घरच्यांना ते घाईचे वाटत होते. शिष्यवृत्तीने तिला लंडन दिले, केंब्रिज दिले, इंग्रजी कवी-समीक्षकांचा सहवास दिला. 1898 मध्ये ती परतली आणि त्याच वर्षी तिने डॉ. नायडूंशीच लग्न केले. आर्थिक साहाय्याने शिक्षण होते, मन वळत नाही, याचा इतका जुना आणि इतका चांगला पुरावा दुसरा नाही. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झाल्यावर मराठवाड्यातली मुले तिकडे येऊ लागली आणि मराठी घरातली पोरे गणित-विज्ञान उर्दूतून शिकू लागली. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थी काढून टाकले गेले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. त्यांच्यातले पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले. त्या वर्षी नागपूरने दिलेला प्रवेश हे त्या काळातले सर्वांत वेळेवर पोहोचलेले साहाय्य म्हणावे लागेल.

मराठी मुलखात त्याहून वेळेवर पोहोचणारी एक व्यवस्था होती, वारावर जेवण्याची. सात वार, सात घरे. गरीब विद्यार्थी सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी साठ्यांकडे, असा फिरत शिकत असे. गुरुवारचे घर दत्तभक्ताचे निघाले तर त्या दिवशी साबुदाण्यावर भागवावे लागे, आणि एकादशी कोणत्याही वारी येऊ शकते हा या योजनेतला मोठा दोष होता. तरी ताट दुपारी बारा वाजता समोर येई, टोकन मिळत नसे. पुण्यात 1909 मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, आजच्या पुणे विद्यार्थी गृहाची, सुरुवात अशाच माधुकरीवर झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढून ‘कमवा आणि शिका’ रुजवले, तेव्हा विद्यार्थ्याने ताटाऐवजी कुदळ उचलली. आजच्या हैदराबादेत कमवा आणि शिका हे दुचाकीवरून बिर्याणी पोहोचवण्याच्या रूपात जिवंत आहे. फरक इतकाच की यातला शिकण्याचा भाग विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा असतो.

सरकारी दार बंद असलेला पगारदार बँकेकडे वळतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. त्यापुढे वाटा येतो आणि साडेसात लाखांच्या पुढे गेले की घर, जमीन, मुदत ठेव असे काहीतरी तारण द्यावे लागते. मधल्या टप्प्यात जामीनदार मागण्याची पद्धत आहे. जामीनदार म्हणजे असा माणूस की जो कर्ज घेत नाही, पण फोन उचलायचा बंद होतो. शाखा व्यवस्थापक पहिल्या भेटीत विचारतो, “घर कुठे?” उत्तर बरकतपुरा असेल तर तो दिलगिरीने सांगतो की ते नारायणगुडा शाखेच्या हद्दीत येते. नारायणगुड्याला ते काचीगुड्याच्या हद्दीत वाटते. अशा रीतीने कर्ज मिळेपर्यंत कुटुंबाला शहराचा नकाशा पाठ होतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने यातला जामीनदार आणि तारण दोन्ही काढून टाकले. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळवलेल्यांना ते लागत नाहीत. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाची 75 टक्के हमी सरकार घेते आणि कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्क्यांची सवलत मिळते. पहिल्या यादीत 860 संस्था होत्या. त्यामुळे आता नियम असा झाला आहे की जिथे प्रवेश अवघड तिथे कर्ज सोपे. कंदीच्या आयआयटीत तर आणखी पुढची सोय आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिकवणी फी पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. हा मार्ग सर्वांसाठी खुला आहे. अट एवढीच की त्याआधी आयआयटीत प्रवेश मिळवायचा, आणि त्यासाठी दोन वर्षे ज्या शिकवणीला जायचे तिची फी या माफीत येत नाही.

हैदराबादेतल्या मध्यमवर्गाचा खरा शिक्षण विभाग म्हणजे चिट्टी. महाराष्ट्रात जिला भिशी म्हणतात तिची ही वयात आलेली, कायदेशीर बहीण. 1982 चा चिट फंड कायदा तिला लागू होतो आणि तिच्यासाठी निबंधकही असतो. वीस जण वीस महिने दरमहा 5,000 रुपये भरतात. महिन्याला एक लाख जमतात आणि त्यांचा लिलाव होतो. ज्याला गरज जास्त तो जास्त सूट सोडतो. समजा एकाने 25,000 सोडले. त्याला 75,000 मिळतात. सोडलेल्या रकमेतून चालवणाऱ्याचे 5,000 कमिशन वजा होते आणि उरलेले 20,000 वीस जणांत वाटले जातात, म्हणजे त्या महिन्याचा प्रत्येकाचा हप्ता 5,000 चा 4,000 होतो. एकाची गरज ही उरलेल्या एकोणीस जणांची बचत असते. शेजारधर्माचे इतके पारदर्शक गणित दुसरीकडे सापडत नाही.

या लिलावाला ऋतू असतो. फेब्रुवारीत सगळे खुर्चीत रेलून बसतात, चिट्टी दहा हजारांच्या सुटीवरही सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की त्याच खोलीत आवाज चढतो, कारण एकाच वयाची मुले असलेले पाच बाप एकाच लाखावर टपलेले असतात. अनुभवी सभासद त्यामुळे मूल दहावीत असतानाच चिट्टीत शिरतो आणि इतरांच्या मुलांचे प्रवेश होत असताना स्वस्त हप्ते भरत बसतो. त्याला लोक दूरदर्शी म्हणतात. चिट्टी उचलल्यावर उरलेल्या हप्त्यांसाठी जामीनदार द्यावे लागतात आणि त्यांत सरकारी नोकराला विशेष मान असतो. परिणामी ज्या कुलकर्णींना सरकारी मदत कधीच मिळत नाही, त्यांच्या सहीवर अर्ध्या गल्लीची मुले इंजिनिअर होतात. चिट्टीचा दोषही सांगितला पाहिजे. नोंदणी नसलेल्या चिट्टीचा चालक कधी कधी लिलावाच्या आदल्या रात्री सहकुटुंब तीर्थयात्रेला जातो, आणि त्या यात्रेचा परतीचा प्रवास पोलीस करवतात.

सोने हे त्याहून वेगवान. किमतीचा मोठा भाग तासाभरात हातात येतो. कागद थोडे, प्रश्न थोडे. प्रश्न घरी विचारले जातात. पाटल्या बँकेत गेल्या की घरातल्या बाईच्या मनगटाकडे दिवाळीला सगळ्या नणंदा-भावजया एकदा पाहतात आणि “मुलगा कुठल्या वर्षाला आहे?” असे विचारतात. उत्तर ऐकून पाटल्या परत यायला किती अवधी आहे याचा हिशेब त्या मनातच करतात.

नातलगांच्या साहाय्याला व्याज नसते, हा समज चुकीचा आहे. काकांनी भरलेल्या एका सेमिस्टरच्या फीचे व्याज सल्ल्याच्या रूपात वसूल होते आणि त्याला मुदत नसते. मुलगा चाळिशीचा झाला, गच्चीबावलीत फ्लॅट घेतला, तरी वास्तुशांतीच्या पंगतीत काका शेजारच्याला सांगतात, “याची दुसऱ्या सेमिस्टरची फी आपण भरली.” मामा गप्प असतात, कारण त्यांनी चार सेमिस्टरांची भरलेली असते आणि ती कोणाला माहीत नसावी असे मामींचे म्हणणे आहे. भावी सासऱ्याकडून आगाऊ घेतले जाणारे साहाय्यही या भागात प्रचलित आहे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने त्याला बंदी असल्याने कोणत्याही माहितीपत्रकात ते छापलेले नसते. ते घेणारा तरुण पदवीवर आपले नाव लावतो, पण पदवी कोणाची हा वाद त्या घरात मिटत नाही.

परदेशी शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे आणि हैदराबादेत तो सार्वजनिक विषय आहे. तेलंगणा सरकार मागास वर्गातल्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी 20 लाखांपर्यंत साहाय्य देते. या योजनेचे नाव महात्मा ज्योतिबा फुले ओव्हरसीज विद्या निधी. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा निधी डॉ. आंबेडकरांच्या नावाने आहे. दोन्ही नावे मराठी असल्याचा अभिमान इथल्या मराठी माणसाला वाटतो. पण मराठी माणूस अर्ज करायला गेला की कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मर्यादेशी तो अभिमान थांबतो. निधीचा पहिला हप्ता विद्यार्थी परदेशात उतरल्याचा पुरावा दिल्यावर आणि दुसरा पहिल्या सेमिस्टरचा निकाल दाखवल्यावर मिळतो. विमानाचे तिकीट, पहिली फी आणि पहिले सहा महिने विद्यार्थ्याने आपल्या हिमतीवर काढायचे, मग मदत त्याला गाठते. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे दिले, ते निघण्यापूर्वीच ठरले होते. अट नंतरची होती, परत येऊन दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची.

व्हिसासाठी खात्यात पैसे असावे लागतात. असावे लागतात म्हणजे दिसावे लागतात. अमीरपेठ आणि दिलसुखनगर भागात हे पैसे काही आठवड्यांसाठी ‘दाखवून’ देणारे लोक आहेत. बापाच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा चाळीस लाख येतात आणि त्याला त्यांना हातही लावता येत नाही. अशा वेळी पासबुक भरून आणलेला बाप ते देवापुढे ठेवतो आणि दोन दिवस घरात जरा मोठ्याने बोलतो. बनवेगिरी पकडली गेली तर व्हिसा जातो, शुल्क जाते आणि पुढचा अर्जही डागाळतो, एवढी माहिती या सेवेच्या दरपत्रकात नसते.

अमेरिकी वाणिज्य दूतावास 2008 मध्ये बेगमपेठच्या पैगा पॅलेसमध्ये सुरू झाला आणि 2023 मध्ये नानकरामगुड्याला गेला. पण मुलाखतीआधीची रांग अजून उस्मानसागराच्या काठी चिलकूर बालाजीलाच लागते. नवस करताना अकरा प्रदक्षिणा, व्हिसा मिळाल्यावर एकशे आठ. म्हणजे इथे नवसाची फेड कामानंतर होते आणि आगाऊ रक्कम किरकोळ असते. शिवाय या देवळात हुंडी, म्हणजे दानपेटी, नाही. प्रवेशापासून विमानापर्यंतच्या साखळीत फी न मागणारी ही एकच संस्था. पार्किंगचे वेगळे.

बँकेच्या कर्जाच्या परतफेडीचे नियम बहुतेक ठिकाणी सारखेच. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सवड असते, मग हप्ते सुरू होतात आणि ते पंधरा वर्षांपर्यंत चालू शकतात. आयकरात व्याजावर वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत आणि आठ वर्षांपर्यंतच. मुलगा तोवर ऑस्टिन किंवा डॅलसला असतो आणि “पुढच्या महिन्यापासून मी भरतो” असे दर रविवारी सांगतो. मधल्या काळात कधीतरी थकलेली सरकारी रक्कमही येते. ती महाविद्यालयाच्या खात्यात जमा होते आणि विद्यार्थ्याने स्वतः भरलेली फी परत मागायची असेल तर त्याला कार्यालयात प्रत्यक्ष जावे लागते. दुपारी दोन ते चार या वेळेत, मूळ पावती घेऊन. मूळ पावती प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये असते आणि ती फाइल त्याच कार्यालयातल्या कपाटात सुरक्षित ठेवलेली असते.